साफ काम

नान्ना, म्हणजे आमचे वडील, पॉवरलूमवरून घरी आले की आई त्यांना आधी दारातच उभं करायची आणि ओल्या फडक्यानं त्यांच्या भुवया पुसायची. भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर, मिशीत सुताचा बारीक कापूस अडकलेला असायचा. मग ते जेवायला बसायचे आणि पहिला घास घेण्याआधी खोकायचे. तो खोकला संपेपर्यंत आम्ही भावंडं ताटाला हात लावायचो नाही. तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण रीतच पडून गेली होती.

बारावीनंतर मला कारखान्यात घ्यायला मुकादम तयार होता. त्याला नान्नांनी तेलुगूत एवढंच सांगितलं, की माझ्या छातीत भरला तेवढा कापूस पुरे झाला, पोरगा साफ काम करेल. साफ काम म्हणजे नक्की कुठलं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पुढे एका दातांच्या डॉक्टरच्या कंपाउंडरकडून कळलं, की दातांच्या कॅप बनवणाऱ्या लॅबला माणूस हवाय. पहिला मजला, काचेचं दार, एसी, अंगात पांढरा कोट. नान्ना मला सोडायला आले, काचेतून आत डोकावले आणि आत न येताच परत फिरले. आपल्या चपलांनी फरशी खराब होईल असं त्यांना वाटलं असावं. गल्लीत सगळे म्हणू लागले, पोरगा दवाखान्यात लागला. मीही कुणाला दुरुस्त करायला गेलो नाही.

लॅबमध्ये मला शिकवलं ते उस्तादांनी. माझ्याहून चौदा-पंधरा वर्षांनी मोठे, विजापूर वेशीत राहायचे, हात पातळ आणि बोटं लांब. मालक त्यांना मास्टर म्हणायचे, मी उस्ताद म्हणायचो. त्यांचे वडील सोलापुरातल्या एका जुन्या गिरणीत होते. गिरणी बंद पडायच्या आधीच ते खोकून खोकून गेले. म्हणजे आम्ही दोघंही एकाच घाण्यातून सुटून आलेलो. हे आम्ही एकमेकांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं आणि त्यानंतर आमचं जे जमलं, ते जमलंच.

काम असं असतं. दवाखान्यात डॉक्टर किडलेला किंवा तुटलेला दात चारी बाजूंनी घासून बारीक करतात आणि जबड्याचं माप घेतात. ते माप डबीत घालून आमच्याकडे येतं. शहरातलं मोटारसायकलवरून येतं, करकंब, वेळापूर, अकलूजकडचं एसटीच्या पार्सलानं. त्या मापात आम्ही प्लास्टर ओतून जबडा तयार करतो, बारीक केलेल्या दातावर मेणाची टोपी घडवतो, तिच्याभोवती साच्याची पावडर कालवून ओततो, भट्टीत मेण जाळून तिथं धातू भरतो. मग साचा फोडायचा. फोडताना पांढरा ढग उठतो आणि खोलीभर बसतो. धातूच्या टोपीवर पोर्सेलिनची पावडर पाण्यात कालवून ब्रशनं एकेक थर चढवायचा आणि पुन्हा भट्टी. भट्टीतून निघालेला दात आकसतो, म्हणून आधी तो जरा मोठाच केलेला असतो, आणि नंतर फिरत्या बारीक दगडानं घासून घासून त्याला शेजारच्या दातांच्या रांगेत आणायचा.

आता बऱ्याच कॅप मशीनवर कापून येतात. पण समोरच्या दातांना अजून हातच लागतो.

"दात सफेद नसतो रे," उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले. "सफेद तर टाइल असते. दातात पिवळं असतं, राखाडी असतं, टोकाला जरासं निळं असतं. आणि माणसानं पूर्ण जिंदगी काय खाल्लं ते असतं." करकंबच्या एका निवृत्त हेडमास्तरांचा समोरचा दात त्यांनी केला होता, तो मला अजून आठवतो. शेजारच्या दाताला उभी, केसासारखी तपकिरी रेघ होती. उस्तादांनी नव्या दातातही तशी रेघ आतल्या थरात घातली. दात परत आला, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, की कॅपला तडा गेलाय, नवीन पाठवा. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी तोच दात, नुसता पुसून, पुन्हा पार्सल केला आणि फोनवर डॉक्टरांना सांगितलं, "साहेब, एकदा बसवून तर बघा." हेडमास्तरांनी आरशात पाहिलं आणि म्हणाले म्हणे, हा माझाच हाय की. उस्तादांनी ही गोष्ट पुढची दहा वर्षं सांगितली. आम्हाला पेशंट कधी दिसत नाही, फक्त त्याचा प्लास्टरचा जबडा दिसतो. त्यामुळे असं एखादं वाक्य आलं की ते फार पुरतं.

या सगळ्यात आमची एक सवय होती, तीच सांगायची आहे. दात घासताना त्यावर पांढरा भुगा बसतो. तो काढल्याशिवाय किती घासलं ते दिसत नाही. म्हणून घासायचं, तोंडानं फुंकर मारायची, उजेडात बघायचं, पुन्हा घासायचं. उस्तादांची फुंकर छोटी आणि नेमकी होती, दात हातातल्या हातात फिरवत ते तीन बाजूंनी तीन फुंकरा मारायचे. मला ती यायला दोन महिने लागले. लॅबमध्ये हवेची नळी होती, पण हवेच्या झोतानं दात एकदा उडून कपाटाखाली गेला होता आणि तेव्हापासून ती नळी उस्तादांच्या मनातून उतरली होती. बाकाखाली धूळ ओढणारं मशीनही होतं. त्याच्या घरघरीत दगड दाताला कसा लागतोय ते ऐकू येत नाही म्हणून ते बंदच असायचं. पुढे त्याची मोटर जळाली आणि आम्ही त्यावर जेवणाचे डबे ठेवायला लागलो. मास्कचं तर नावच नको. मास्क बांधला तर फुंकणार कसं? पंखा लावायचा नाही, कारण पावडर उडते. खिडक्या उघडायच्या नाहीत, कारण एसी आहे.

आणि त्याला आम्ही धूळ म्हणत नव्हतो. धूळ म्हणजे कारखान्यातली, सुताची, काळी-करडी, बापाच्या भुवयांतली. ही तर पावडर, तीही पांढरीशुभ्र, डबीत बंद होऊन आलेली. कोरोनाच्या काळात सगळं सोलापूर तोंड झाकून फिरत होतं. आम्हीही रस्त्यावरून मास्क लावून यायचो, लॅबमध्ये आलो की काढून खुंटीला अडकवायचो आणि फुंकायला बसायचो. आज हे लिहिताना मला हसू येत नाही, पण तेव्हा आम्ही दोघं त्यावर हसलो होतो.

उस्तादांचा खोकला त्याच सुमाराला सुरू झाला. आधी सगळे म्हणाले कोरोनाचं मागं राहिलंय. मग म्हणाले वय झालं. पन्नाशी नुकती ओलांडलेला माणूस, वय कसलं झालं? पण आमच्या लॅबचा जिना सोळा पायऱ्यांचा, आणि ते आठव्या पायरीवर थांबून मोबाइल बघायला लागले. मोबाइलमध्ये काही नसायचं. मला ते कळत होतं आणि मी खालून येत असलो तर मुद्दाम हळू यायचो.

मग एके दिवशी भाभींचा, म्हणजे उस्तादांच्या बायकोचा, मला फोन आला. "तुमी यांना डॉक्टरकडं घेऊन जावा. छातीच्या डॉक्टरकडं. मी येते म्हटलं तर नको म्हणतात. तुमीच जावा."

मी घेऊन गेलो. दवाखाना गर्दीचा, नंबर दुपारी लागला. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. दोन्ही बाजूंना वरच्या भागात बारीक बारीक पांढरे ठिपके होते. डॉक्टर म्हणाले टीबी वाटतोय, थुंकी तपासू. मग पेन हातात घेऊन विचारलं, "काम काय करता? धुळीत काम आहे का? लूम, खडी क्रशर, सिमेंट?"

उस्ताद खुर्चीत सरळ झाले. सकाळपासून वाकलेला माणूस ताठ बसला. "नाही साहेब. एसीत काम आहे. दातांचं. एकदम साफ काम."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही मुलगा यांचा?"

"नाही. सोबत काम करतो."

"धूळ नाही ना तिथं?"

त्याच सकाळी मी माझा कोट घरी झटकला होता आणि बायको म्हणाली होती, मोरीत झटका, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे येता. ते मला तिथं, डॉक्टरांसमोर, लख्ख आठवलं. उस्तादांनीही माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती, धाकही नव्हता. पोरानं शाळेत पाहुण्यांसमोर नीट उत्तर द्यावं म्हणून बाप बघतो, तसं ते होतं. आपण गिरणीतून सुटलो, गिरणीवाल्यांची पोरं असून डॉक्टरसारखा कोट घालतो, हे त्या माणसानं आयुष्यभर कमावलं होतं. आणि मीही. मी म्हणालो, "नाही साहेब. धूळ अजिबात नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहिलं. एवढंच झालं. एक मिनिटसुद्धा लागलं नसेल.

मी खोटं बोललो का, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय. निम्मं मला ते खरंच वाटत होतं. निम्मं मला माहीत होतं आणि तरी मी नाही म्हणालो. माणूस स्वतःशी जेवढं लबाड बोलतो तेवढं दुसऱ्याशी बोलत नाही, हे मला त्या खुर्चीत कळायला हवं होतं, पण कळलं नाही. उलट बाहेर आल्यावर मला बरंच वाटलं. टीबी म्हणजे औषधानं जाणारा रोग. आम्ही चौकात चहा प्यालो आणि उस्ताद म्हणाले, "चल, सुटलो." दुपारचं काम बाकी होतं म्हणून आम्ही परत लॅबमध्ये गेलो.

थुंकीत काही सापडलं नाही, तरी गोळ्या सुरू झाल्या. सकाळी उपाशीपोटी मूठभर. लघवी नारिंगी व्हायची, तोंडाची चव गेली, डबा अर्धा परत जायचा. सहा महिने म्हणता म्हणता नऊ झाले. आणि त्या नऊ महिन्यांत, गोळ्या खाऊन, हा माणूस रोज येऊन बाकावर बसत होता, साचे फोडत होता, घासत होता, फुंकत होता. फुंकर आता तीनच्या जागी एकच उरली होती, तीही आखूड. मी शेजारी बसून बघत होतो. एकदा मी म्हणालो, "उस्ताद, साचे मी फोडतो, तुम्ही नुसते थर चढवा." त्यांना राग आला. "का? हात थरथरतोय का माझा?" हात थरथरत नव्हता. मी विषय सोडला. तेव्हा मी तो विषय धरला असता तर, या एका विचारावर माझ्या किती दुपारी गेल्या आहेत ते मलाच ठाऊक.

गोळ्यांनी काही फरक पडेना तेव्हा आम्ही मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, बहुतेक शिकत असाव्यात, कारण त्यांना घाई नव्हती. त्यांनी जुना कागद वाचला, नवा एक्स-रे पाहिला आणि उस्तादांना विचारलं, "बाबा, तुम्ही सकाळी कामावर गेल्यापासून काय काय करता, ते मला सांगा."

कुणी आपल्या कामाबद्दल इतकं विचारतंय याचा उस्तादांना आनंदच झाला. दम लागत होता, तरी ते सांगत सुटले. जिथं अडकले तिथं मी पुरं केलं. प्लास्टर, मेण, साचा, भट्टी, थर, घासणं. बाई मध्येच म्हणाल्या, "साचा कशाचा असतो?" मी सांगितलं. "फोडताना तोंडाला काय बांधता?" उस्ताद हसले. "तोंड बांधलं तर फुंकणार कसं?" आणि त्यांनी हवेत दोन बोटांत दात धरल्यासारखं करून फुंकर मारून दाखवली. त्याबरोबर असा खोकला सुरू झाला, की नर्स पाणी घेऊन आली.

बाईंनी पेन खाली ठेवलं होतं. त्या माझ्याकडे वळून हळू म्हणाल्या, की हा टीबी नव्हे, ही दगडाची धूळ आहे, साच्याच्या पावडरीतली. खाणीत काम करणाऱ्यांना होतं तेच. फुप्फुसात जाऊन बसते, तिथं गाठी होतात, ती बाहेर निघत नाही. औषध नाही. मी विचारलं, लवकर कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "बरं झालं नसतं. पण काम तेव्हाच थांबवलं असतं, तर एवढ्या वेगानं वाढलं नसतं कदाचित." मग पहिल्या डॉक्टरांचा कागद पुन्हा बघत म्हणाल्या, "इथं तर लिहिलंय, धुळीशी संबंध नाही."

लॅबमध्ये त्याच आठवड्यात धूळ ओढणारी दोन नवी मशीन आली. मालक वाईट माणूस नाही. त्यांनी आम्हाला सगळ्यांना एक्स-रे काढायला पाठवलं. माझ्या एक्स-रेत सुरुवातीचे थोडे ठिपके आहेत. आता मी मास्क लावतो, हवेची नळी वापरतो, आणि तरी ओठ आपोआप पुढे होतात. मास्कच्या आत माझी फुंकर माझ्याच तोंडावर येते.

उस्ताद त्यानंतर वर्षभर राहिले. खिडकीशी पलंग, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, नाकात नळी. वीज गेली की सिलिंडर जोडायचा, तो भाभी जोडायच्या, कितीही धावपळ झाली तरी त्यांचा हात चुकला नाही. मी रविवारी जायचो आणि समोरच्या दातांचं काम असलं की डबी बरोबर न्यायचो. खिडकीच्या उजेडात ते दात फिरवून बघायचे. "टोकाला निळं जास्त झालं," एवढंच म्हणायचे, आणि ते बरोबर असायचं. एकदा त्यांनी ओठ पुढे केले, फुंकर मारायला. दातावर काही नव्हतंच. श्वास तेवढा उरला नव्हता, त्यांनी दात डबीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मला तिथं रडता आलं नाही. घरी येताना गाडी बाजूला लावून रडलो.

डॉक्टरांना दिलेल्या त्या उत्तराबद्दल त्यांनी मला कधी विचारलं नाही. कळलं तर त्यांना सगळंच होतं. मी उत्तर दिलं तेव्हा ते शेजारीच होते, आणि आधी तेच बोलले होते. तरी ते आजारी होते, घाबरलेले होते. धडधाकट मी होतो. एकदाच, नळी नीट करता करता, ते म्हणाले, "साफ काम होतं रे आपलं." मी म्हणालो, "हौ उस्ताद."

ते गेल्यावर चाळीसावा झाला, त्यानंतर काही दिवसांनी मी भाभींना भेटायला गेलो. त्यांनी चहा केला. दवाखान्याचे सगळे कागद त्यांनी एका पिशवीत भरून ठेवले होते, ती पिशवी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "एक विचारू का भैया? तो पहिला डॉक्टर होता ना. त्यानं विचारलंच न्हाई का, हे काम काय करतात म्हणून?"

मी कप खाली ठेवला. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि म्हणालो, "नाही भाभी. नाही विचारलं."

त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. विचारलं असतं तर तुमी सांगितलं असतंच की. म्हणून तर तुमाला पाठवलं मी. हे माझ्यासमोर बी आजार लपवायचे, डॉक्टरला काय खरं सांगणार? म्हटलं, तुमी असाल तर खोटं चालणार न्हाई." आणि त्यांनी त्या डॉक्टरला, ज्यानं नेमकं विचारलं होतं त्याला, माझ्यासमोर तळतळून शाप दिला. मी तो ऐकला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

अजूनही महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जातो. त्या माझ्या मुलांसाठी काहीतरी करून देतात, ते मी घेऊन येतो. सांगायचं म्हणून जातो आणि न सांगता परत येतो, असं आता बरेच महिने चाललंय. शेवटी हे लिहायला बसलो. भाभी उर्दू शाळेत शिकल्या. मराठी बोलतात आमच्यासारखीच, पण मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणूनच मी हे लिहू शकलो.